बाबासाहेबांचे इंग्रजी : एका विद्यार्थ्याच्या प्रगतीचा मागोवा

दरवर्षी ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रातील शाळांतून विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. १९०० साली याच दिवशी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भिवा रामजी आंबेडकर या नऊ वर्षांच्या मुलाचे नाव दाखल झाले. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली जाते. त्या नोंदीतील नाव आपण सारे आदराने वाचतो. परंतु वर्गाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो वर्ग होता इंग्रजी पहिली. त्या काळी मुले आधी मराठी इयत्ता पूर्ण करीत आणि त्यानंतर इंग्रजी शाळेच्या इयत्ता पुन्हा पहिलीपासून सुरू होत. त्या ओलांडल्या की मॅट्रिकची परीक्षा येई. ज्या भाषेत पुढे या मुलाने प्रबंध लिहिले, गोलमेज परिषदेत आपल्या समाजाची बाजू मांडली आणि देशाच्या राज्यघटनेचा मसुदा सभागृहापुढे ठेवला, त्या भाषेच्या शालेय अभ्यासाचा आरंभ त्या नोंदीपासून झाला.

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्या मुलांना पाठ असते. त्या पदव्यांच्या मुळाशी असलेली एक साधी गोष्ट मात्र आपण क्वचितच सांगतो. इंग्रजी ही त्यांची मातृभाषा नव्हती, घराच्या अंगणात ऐकू येणारी भाषा नव्हती. ती त्यांनी शब्दाशब्दाने शिकून घेतली. पळसदरीच्या परिसरात, कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या वाड्यावस्त्यांत, आजही पालकांच्या मनातील सर्वांत मोठी धास्ती इंग्रजीचीच आहे. आपल्याला येत नाही ते मुलाला कसे येणार, आणि येते आहे की नाही हे आपल्याला कसे कळणार, ही ती धास्ती. म्हणून या स्मरणिकेत बाबासाहेबांचे चरित्र त्यांच्या इंग्रजीच्या वाटेने सांगण्याचे योजिले आहे.

सुभेदार रामजींची शिकवणी

भीमरावांचे वडील रामजी सकपाळ हे लष्करातील सुभेदार. तेथील शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक म्हणून त्यांनी काम केले होते. भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला तेव्हा वडिलांची नोकरी संपत आली होती. निवृत्तीनंतर हे कुटुंब कोकणात दापोलीस व तेथून साताऱ्यास आले. साताऱ्यातच १८९६ साली आई भीमाबाई वारल्या. घरात कबीरपंथाचे वातावरण होते. पहाटे आणि संध्याकाळी भजने, अभंग, दोहे म्हटले जात. मराठी आणि हिंदी संतवाणीचे कान मुलाला घरातच लाभले. इंग्रजी शिकविण्याचे कामही रामजींनी केवळ शाळेवर सोपविले नाही.

त्यांची पद्धत काय होती, हे बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत सांगितले आहे. हॉवर्ड यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली इंग्रजी वाचनपुस्तके वडिलांनी त्यांच्याकडून पाठ करवून घेतली. त्यानंतर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे तीन भाग त्यांनी करवून घेतले. जुन्या पिढीतील वाचकांना ही पाठमाला ठाऊक असेल. तीत मराठी वाक्ये इंग्रजीत आणि इंग्रजी वाक्ये मराठीत करावयाची असत. वाक्य साधे असले तरी क्रियापदाचा काळ, विभक्तीचा अर्थ, शब्दाची नेमकी छटा चुकली की ते लगेच उघडे पडे. योग्य शब्द योग्य ठिकाणी कसा वापरावा, याकडे रामजींचा कटाक्ष असे.

या दोन पुस्तकांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी पाठांतर, मग भाषांतर. पाठांतराने वाक्याचा साचा जिभेवर बसतो. परंतु पाठ झालेले समजले आहे की नाही, हे पाठांतर सांगू शकत नाही. ते भाषांतर सांगते. मुलाने इंग्रजी उतारा घडाघडा म्हटला तरी त्याला आपल्या भाषेत तो सांगता आला नाही, तर त्याचे ज्ञान अजून ओठांवरच आहे हे शिकविणाऱ्याला कळते आणि मुलालाही कळते. प्रगती मोजण्याचे हे माप रामजींनी मुलाच्या हाती अगदी लवकर दिले. त्यासाठी परीक्षेची वाट पाहावी लागत नव्हती. आज जो उतारा अडखळला तो उद्या सरळ उतरला, की तेवढे पाऊल पुढे पडले.

कुटुंब मुंबईस आले ते परळच्या डबक चाळीतील एका खोलीत. त्या एकाच खोलीत स्वयंपाक, सरपण, अंथरुणे आणि अभ्यास. रामजींनी त्यावर उपाय काढला होता. मुलाने लवकर निजावे; रामजी स्वतः मध्यरात्र उलटेपर्यंत जागत, दोन वाजता मुलाला उठवीत आणि मग आपण पडत. घरातील निजानीज झाल्यावर कंदिलाच्या उजेडात त्या खोलीची अभ्यासिका होई. मुलाला शाळेच्या पुस्तकांपलीकडचे पुस्तक हवे असले आणि हातात पैसा नसला, तर रामजी आपल्या विवाहित मुलींकडे जात. त्यांचा एखादा दागिना गहाण ठेवून पुस्तक आणीत आणि पेन्शन हाती आली की तो सोडवून देत. पित्याच्या जागरणाबरोबर बहिणींच्या दागिन्यांचाही वाटा या इंग्रजीत आहे, हे विसरता येत नाही.

साडेसातशेपैकी दोनशे ब्याऐंशी

मुंबईत भीमरावांना एल्फिन्स्टन हायस्कुलात प्रवेश मिळाला. संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छा होती. परंतु अस्पृश्य विद्यार्थ्याला ती वाट मोकळी नव्हती, म्हणून दुसरी भाषा म्हणून फार्सी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या प्रयत्नाने शिकून घेतले. एक भाषा दाराशी अडविली गेली आणि दुसरी कष्टाने कमवावी लागली, अशा स्थितीत १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले.

हा आकडा आपल्या मुलांपुढे लपवू नये. उलट आवर्जून सांगावा. शेकडा सदतीस-अडतीसच्या घरातील हे गुण आहेत. केवळ गुणपत्रिका पाहून या मुलाचे भविष्य कोणी वर्तविले असते, तर ते कारकुनीपलीकडे गेले नसते. परंतु त्याच दिवसांत दुसरे एक माप त्याच्या बाजूने बोलत होते. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा रोज पुस्तक घेऊन वाचीत बसे. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी येत. ते विल्सन हायस्कुलातील शिक्षक आणि मराठीतील नामवंत चरित्रकार. रोज त्याच जागी वाचनात बुडालेला मुलगा त्यांच्या नजरेत भरला. त्यांनी चौकशी केली, त्याला पुस्तके दिली, वाचनाला दिशा दिली. परीक्षकाला उत्तरपत्रिकेत जे दिसले नाही ते केळुसकरांना बागेत दिसले, ते म्हणजे वाचण्याची सवय.

मॅट्रिकच्या यशाबद्दल सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा भरली. त्या सभेत केळुसकर गुरुजींनी भीमरावांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले. हे पुस्तक मराठीत होते. इंग्रजीची पहिली मोठी पायरी ज्या दिवशी ओलांडली, त्या दिवशी हाती आलेले मराठी पुस्तक या विद्यार्थ्याच्या जीवनाला जन्मभर पुरले. घरच्या भाषेतील वाचन आणि परक्या भाषेतील वाचन ही त्यांच्या आयुष्यात एकमेकांची वैरी झाली नाहीत.

पुढे केळुसकरांच्याच प्रयत्नाने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशी भेट झाली आणि महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक म्युलर त्यांना स्वतःजवळची पुस्तके वाचावयास देत. बी.ए. झाल्यावर भीमराव बडोद्याच्या सेवेत रुजू झाले, तोच वडिलांच्या आजाराची वार्ता आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींनी देह ठेवला. मुलाचा एकही इंग्रजी लेख छापलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. जो पेरतो तो कापणीला असतोच असे नाही. शेतकऱ्याच्या आणि शिक्षकाच्या घरी हे सारखेच खरे आहे.

पाठांतराकडून प्रश्नाकडे

सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव १९१३ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अर्थशास्त्र हा मुख्य विषय. त्याला इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र यांची जोड. फ्रेंच आणि जर्मन भाषांच्या प्राथमिक वर्गांतही त्यांनी नाव घातले. बाविसाव्या वर्षी ते पुन्हा दोन भाषांच्या पहिलीत बसले, हे आपल्या दहावी-बारावीच्या मुलांनी ध्यानात ठेवावे. १९१५ साली ते एम.ए. झाले.

९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. ‘कास्ट्स इन इंडिया’ या नावाने तो पुढील वर्षी ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापून आला. सातारच्या इंग्रजी पहिलीपासून या निबंधापर्यंत साडेपंधरा वर्षे गेली होती. या काळात त्यांच्या वाचनात काय बदल झाला होता, हे त्या निबंधातच पाहावयास मिळते. जात म्हणजे काय, याची सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले डॉ. केतकर या विद्वानांनी केलेली व्याख्या त्यांनी एकेक करून समोर घेतली. प्रत्येकीत काय आले आहे आणि काय राहून गेले आहे हे दाखविले. आणि मग जातीबाहेर विवाह न करण्याचे बंधन हाच जातीचा गाभा आहे, असा आपला निष्कर्ष मांडला. ज्या मुलाने हॉवर्डची पुस्तके जशीच्या तशी पाठ केली होती, तो आता छापील शब्दाला प्रश्न विचारू लागला होता. वाचनातील प्रगतीची याहून मोठी खूण नाही. छापलेले ते खरे, या पायरीवरून छापलेले खरे आहे काय, या पायरीवर येण्यासाठी विद्यार्थ्याला भाषा पूर्ण मुठीत घ्यावी लागते.

लेखनातील प्रगतीची कसोटी लंडनमध्ये लागली. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये दाखल झाले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धा टाकून १९१७ मध्ये परतावे लागले. परतीच्या वेळी वेगळ्या बोटीने पाठविलेले सामान महायुद्धाच्या धामधुमीत बोटीसह समुद्रात गेले. त्यात त्यांनी जमविलेली पुस्तकेही होती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात १९१८ ते १९२० या काळात ते प्राध्यापक होते. त्या पगारातून शिल्लक टाकून, काही उसनवारी करून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसचे दिवस बसून त्यांनी भारतीय चलनाच्या प्रश्नावर ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध सिद्ध केला.

हा प्रबंध परीक्षकांना तसाच्या तसा रुचला नाही. ब्रिटिश सरकारच्या चलननीतीवर त्यात परखड टीका होती. त्यांना तो पुन्हा लिहून द्यावयास सांगण्यात आले. पैसे संपले होते. ते १९२३ मध्ये मुंबईस परतले, येथे बसून त्यांनी प्रबंधाचे पुनर्लेखन केले आणि तो लंडनला पाठविला. मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. त्याच वर्षी डी.एस्‌सी. ही पदवी त्यांना मिळाली आणि प्रबंध प्राध्यापक कॅनन यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला.

आपण लिहिलेले परत येणे ही कोणत्याही विद्यार्थ्याला झोंबणारी गोष्ट आहे. लाल शाईने भरलेली वही पाहून कित्येक मुले इंग्रजीचे नाव टाकतात. बाबासाहेबांनी परत आलेल्या लिखाणाकडे कसे पाहिले, ते या प्रसंगातून कळते. वाक्य म्हणजे विचार नव्हे. वाक्य बदलूनही विचार उभा राहू शकतो. कोणता शब्द सोडता येतो आणि कोणता सोडता येत नाही, हे ज्याला कळले त्याला लिहिता येऊ लागले. १९३६ साली याच जाणिवेची दुसरी बाजू दिसली. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांच्या अध्यक्षीय भाषणातील काही भाग वगळण्याची विनंती केली. तेथे प्रश्न मांडणीचा नव्हता, विचाराचाच होता. त्यांनी नकार दिला. परिषद रद्द झाली. ते भाषण त्यांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने स्वतःच्या खर्चाने दीड हजार प्रती काढून छापले. दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींचा आक्षेप आणि आपले उत्तर अशी भर घातली. १९४४ मध्ये तिसरी आवृत्ती निघाली.

जे शिकले ते मराठीत परत आले

इंग्रजी शिकून माणूस आपल्या लोकांपासून दूर जातो, अशी भीती पालक कधीकधी बोलून दाखवितात. काही घरांत तसे घडतेही. बाबासाहेबांच्या चरित्रात मात्र उलट दिसते. २७ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी साऊथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी इंग्रजीत साक्ष दिली. आणि पुढच्याच वर्षी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे मराठी पाक्षिक सुरू केले. समितीपुढे जे सांगितले ते ज्यांच्यासाठी सांगितले त्यांना त्यांच्या भाषेत कळले पाहिजे, ही त्यामागील निकड होती. तर्खडकरांच्या पाठमालेतील ते दुतर्फा भाषांतर आता एका समाजाच्या कामी येत होते.

आपल्या जिल्ह्याचा या कथेशी जवळचा संबंध आहे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला जी परिषद भरली ती कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद होती, आणि कर्जत व खालापूर हे तालुके याच कुलाबा जिल्ह्यात मोडत होते. कोलंबिया आणि लंडन पाहून आलेला हा विद्वान त्या परिषदेत खेड्यापाड्यांतून आलेल्या शेतकऱ्या-मजुरांशी त्यांच्या मराठीत बोलला. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. न्यूयॉर्कच्या परिसंवादात इंग्रजीत मांडलेला जातीचा प्रश्न आता महाडच्या मांडवात आणि मराठी छापील पानावर उभा होता.

शब्दाचे वजन

२९ ऑगस्ट १९४७ रोजी राज्यघटनेची मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचविण्यात आल्या. त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. कोठे एक शब्द घालावा, कोठे एक काढावा, कोठे स्वल्पविरामाने अर्थ बदलतो, यांवर चर्चा झाल्या आणि त्यांना उत्तरे देण्याचा मोठा भार बाबासाहेबांवर होता. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी ३९५ कलमांची राज्यघटना संमत झाली. योग्य शब्द योग्य ठिकाणी हवा, हा रामजींचा आग्रह परळच्या खोलीतून येथवर आला होता. तेथे शब्द चुकला तर वडिलांचा शब्द ऐकावा लागे. येथे शब्द चुकला तर कोट्यवधी माणसांच्या हक्कांना बाध आला असता.

साठाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी

कोणाला वाटेल की, येथे शिकणे संपले. परंतु आयुष्याच्या उत्तरार्धात बाबासाहेबांनी पालीचा अभ्यास हाती घेतला. तिपिटकातील वचनांचा अर्थ त्यांना दुसऱ्याच्या तोंडून नको होता. या अभ्यासातून त्यांनी पाली व्याकरण आणि पाली शब्दकोश यांचे मोठे काम केले. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन व भाषणांच्या सोळाव्या खंडात ते आज पाहावयास मिळते. त्यात पाली शब्दांचे इंग्रजी अर्थ आहेत. तसेच इंग्रजी, मराठी, गुजराती आणि हिंदी अशा चार भाषांत प्रतिशब्द देणारा भागही आहे. एका भाषेतील शब्दापुढे दुसऱ्या भाषेतील नेमका शब्द लिहिणे हाच तर्खडकरांच्या पाठमालेतील धडा. लहानपणी वडिलांनी घालून दिलेला तो अभ्यास मुलाने साठी गाठली तरी सोडला नव्हता. केवळ भाषा वाढल्या होत्या.

‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाची घडणही हेच सांगते. १९५१ मध्ये त्याचा आरंभीचा खर्डा ‘द बुद्ध अँड हिज गॉस्पेल’ या नावाने मोजक्या प्रतींत, खाजगी वाचनासाठी छापण्यात आला. मग वर्षानुवर्षे त्यावर फेरफार चालले. शरीर थकत होते, दृष्टी साथ देत नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि उपस्थित लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या मराठीतून. ५ डिसेंबरच्या रात्री या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टंकलिखित कागद त्यांनी आपल्याजवळ मागून घेतले. दुसऱ्या दिवशी, ६ डिसेंबरला, ते गेले. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. आज त्याचा मराठी अनुवाद वर्षावासात आपल्या विहारांतून आणि घरांतून वाचला जातो. तो वाचणाऱ्या आजीला इंग्रजीचे एक अक्षर येत नसेल. तरी त्या इंग्रजीचे फळ तिच्या ओंजळीत पडले आहे.

आपल्या मुलांसाठी

बाबासाहेबांच्या या प्रवासातून आपल्या विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी काय घ्यावे? त्यांची बुद्धी असामान्य होती, हे खरे. परंतु ज्या मार्गाने ती वाढली तो मार्ग कोणालाही चालता येण्याजोगा आहे.

त्यातील पहिली गोष्ट, स्वतःचे माप स्वतःजवळ ठेवावे. गुणपत्रिका वर्षातून एक-दोनदा येते आणि ती इतरांशी तुलना करते. विद्यार्थ्याला खरी तुलना हवी ती कालच्या स्वतःशी. त्यासाठी एक वही पुरे. जूनमध्ये शाळा उघडली की इंग्रजी पुस्तकातील एक उतारा घ्यावा, दिनांक घालून त्याचे मराठी करावे. आठवड्याने पुस्तक मिटून त्याच मराठीवरून पुन्हा इंग्रजी लिहावे आणि मूळ उताऱ्याशी ताडून पाहावे. किती शब्द अडले, किती क्रियापदे चुकली, ते खाली मांडावे. दिवाळीनंतर तोच उतारा पुन्हा घ्यावा, परीक्षेपूर्वी आणखी एकदा. जुनी पाने फाडू नयेत. चुकांनी भरलेले जूनचे पान हेच फेब्रुवारीतील विद्यार्थ्याचे प्रशस्तिपत्र असते.

दुसरी गोष्ट पालकांची. रामजींना इंग्रजी येत होते, आम्हाला येत नाही, असे कोणी म्हणेल. परंतु भाषांतराच्या या पद्धतीत इंग्रजी न येणाऱ्या आईबापांनाही परीक्षकाची जागा आहे. सुट्टीत घरी आलेल्या मुलीला आईने पुस्तक उघडावयास सांगावे आणि यात काय लिहिले आहे ते मला मराठीत सांग, एवढेच विचारावे. मुलगी सरळ, सलग, आईला उमगेल असे सांगू लागली, तर तिला धडा समजला आहे. ती अडखळली, शब्द गिळू लागली, तर कोठे अडले ते तिलाही कळेल. घरात मराठी नसून ठाकरी वा कातकरी बोली असेल, तर त्या बोलीत सांगावे. समजले की नाही हे ओळखावयास आईला इंग्रजी यावे लागत नाही. ऐकावयास वेळ मात्र द्यावा लागतो. बुद्धवचन ज्याने त्याने आपापल्या भाषेत शिकावे, अशी अनुज्ञा भगवंतांनी भिक्खूंना दिल्याचे चुल्लवग्गात सांगितले आहे. ज्ञानाची परीक्षा आपल्या भाषेत व्हावी, हा विचार आपल्याला परका नाही.

तिसरी गोष्ट माजी विद्यार्थ्यांची. केळुसकर गुरुजींनी बागेत बसलेल्या मुलाची चौकशी केली, इतकीच त्या नात्याची सुरुवात होती. आपल्यापैकी अनेक जण आज नोकरीनिमित्त मुंबई, पुणे, पनवेलला आहेत. कर्जतची गाडी त्यांना अपरिचित नाही. महिन्यातून एक रविवार वसतिगृहात येऊन एखाद्या मुलाची अशी वही पाहावी, एखादे पुस्तक त्याच्या हाती द्यावे. मोठ्या देणगीइतकेच या तासाभराचे मोल आहे.

इंग्रजी पहिलीत नाव दाखल झालेल्या त्या मुलाकडे त्या वर्षी कोणी मोठ्या अपेक्षेने पाहत नव्हते, एक रामजी सोडले तर. सात वर्षांनंतरच्या गुणांनीही काही भाकीत केले नाही. प्रगती होत होती ती रोजच्या उताऱ्यात आणि ती पाहावयास घरात एक माणूस जागा होता. आपल्या शाळेतील प्रत्येक मुलामागे असे एक माणूस जागे असावे.